तिसरा मजला, उजवी बाजू

१

कुलूप होतं की नव्हतं, ह्या एवढ्याशा गोष्टीपायी केतकीच्या चार रात्री गेल्या होत्या.

एरवीही तिची झोप उडवायला बऱ्याच गोष्टी टपून बसलेल्या असत. गॅस बंद केला का, देविकाच्या डब्यातली पोळी वातड झाली असेल का, शाळेच्या बसचा ड्रायव्हर चष्मा लावतो तो नंबराचा की नुसता रुबाबाचा. तिचा नवरा सुधन्वा म्हणायचा, हिला काळजी खातं द्या, एक फाइल पडून राहायची नाही. तो स्वतः कृषी भवनात होता, तेव्हा पडून राहणाऱ्या फायलींतलं त्याला कळत असे. पण ह्या नेहमीच्या काळज्या निदान उठून बघता यायच्या. गॅसचं बटण चाचपता यायचं. ते दार मात्र नोएडातल्या पलंगावरून दिसण्यासारखं नव्हतं. ते होतं यमुनेपलीकडे, काश्मिरी गेटला, चमनलाल बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, जिना चढून गेलं की उजव्या हाताला. हिरवं, दोन फळ्यांचं. बाहेरून कडी होती, एवढं नक्की. कडीत कुलूप होतं का, ते काही केल्या आठवेना.

आणि कागदावर तर तिने लिहून दिलं होतं: तिसरा मजला, उजवी बाजू, रिकामी. खाली सही. सही मात्र स्पष्ट आठवत होती. चांगली वळणदार आली होती.

२

केतकी आर्किटेक्ट होती. पुण्यात शिकली, लग्न होऊन दिल्लीला आली, आणि देविका पाच वर्षांची झाल्यावर पुन्हा कामाला लागली. मधल्या वर्षांत आपण शिकलेलं सगळं विसरलो की मुळात शिकलोच नव्हतो, हा प्रश्न तिला रोज ऑफिसचा जिना चढताना पडायचा. राजीव मेहरांच्या ऑफिसात ती सहा महिन्यांच्या बोलीवर होती, त्यातले पाच सरले होते.

९६ साल होतं. दिल्लीत जो तो जागांबद्दलच बोलायचा. नोएडात ती राहत होती त्या सोसायटीत ऐंशी फ्लॅट होते आणि दिवे लागायचे तिसांत. बाकीचे लोकांनी भाव चढतील म्हणून घेऊन ठेवलेले, दारांवरचं प्लास्टिकसुद्धा न काढता कुलूपबंद. इकडे ही तऱ्हा, तर तिकडे जुन्या बाजारातल्या पाऊणशे-शंभर वर्षांच्या इमारतींतून माणसं बाहेर काढायची घाई. पुढचा चेहरा ठेवायचा, कमानी, गच्चीचे कठडे, सगळं. आतलं पोखरून काढायचं आणि तिथे काचेची दुकानं बसवायची. राजीव सर मालकांना समजावताना म्हणायचे, "बाहर से हिस्ट्री, अंदर से सिंगापुर." मालक लोक खूश व्हायचे.

पोखरायच्या आधी इमारत आहे तशी मोजून कागदावर उतरवावी लागे. कुठली भिंत केवढी, कुठे खिडकी, कोण कुठे राहतं. ते काम केतकीचं.

चमनलाल बिल्डिंग मोजायची होती त्या शुक्रवारी देविकाची शाळा निवडणुकीच्या कामासाठी घेतलेली. कामवाल्या बाईंचा निरोप आला, ताप आहे. शेजारी ठेवावं, तर शेजार कुलूपबंद. शेवटी केतकीने तिला ऑफिसच्या गाडीतून बरोबर नेलं. पाण्याची बाटली, खडू, एक रंगवायचं पुस्तक. आपण किती सोयीस्कर आई आहोत, असं तिला पुलावर वाटलंही होतं.

चमनलाल बिल्डिंगच्या खाली मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं होती. सगळ्या जिन्याला ग्रीसचा वास. जिन्याखाली भिंतीवर एक पत्र्याची पाटी होती, हाताने रंगवलेली: चन्द्रप्रभा, सिलाई-रफू, तीसरी मंज़िल. चौकीदार नेगीजी टेपचं दुसरं टोक धरायला आले होते. ते म्हणाले, पाटी जुनी आहे, वर आता कुणी नाही.

तिसऱ्या मजल्यावर जिन्याच्या दोन बाजूंना दोन सारखीच दारं. डावीकडचं सताड उघडं होतं. आत एकच लांब खोली. भिंतीला तीन खुंट्या, मधली मोडलेली. फरशीवर कुणाच्या तरी शेगडीने पाडलेला अर्धचंद्रासारखा काळा डाग. खिडकीचा एक गज बाहेरच्या अंगाला वाकलेला. केतकीला भिंतीवर पेन्सिलीने टिपणं लिहायची सवय होती, तीही मराठीत, मालकाच्या माणसांना कळू नयेत म्हणून. खिडकीशेजारी तिने लिहिलं, 'गज वाकलेला'. नेगीजींना मग खाली कुणी हाक मारली, ते गेले. देविका जिन्याच्या वरच्या पायरीवर हत्ती रंगवत बसली होती.

"कठड्याला हात लावू नकोस, देवू, कुसळ जाईल बोटात," केतकी बाहेर येत म्हणाली, आणि उजवीकडच्या हिरव्या दाराजवळ आली. तेव्हा तिला ऐकू आलं. आत शिलाईचं मशीन चाललं होतं, पायाचं, लयीत. तिने कडी वाजवली. मशीन थांबलं.

"अगोबाई, मराठी कोण बोलतंय? आले हं. एवढी शिवण संपवते नि आले."

म्हातारा, आनंदलेला आवाज. काश्मिरी गेटला तिसऱ्या मजल्यावर मराठी. केतकीला हसूच आलं. आणि तेवढ्यात खालून गाडीचा हॉर्न वाजला. ड्रायव्हरला दोन वाजता राजीव सरांना आणायला विमानतळावर जायचं होतं.

"तू इथेच थांब. हलायचं नाही. मी दोन मिनिटांत आलेच," ती देविकाला म्हणाली आणि खाली धावली.

परत आली तेव्हा देविका दारासमोर उभी होती. दार लावलेलं. मशीनचा आवाज नाही. हॉर्न वाजतच होता. केतकीने लेकीचा हात धरला, खडू गोळा केले आणि खाली आली. अंगणात नेगीजींना विचारलं, वर खरंच कुणी नाही ना?

"कोई नहीं जी. मालिक ने दिवाली पर ही खाली करा लिया."

तिने वाद घातला नाही. सोमवारी पुन्हा यायचंच आहे, असं मनाशी म्हणाली.

३

सोमवारी राजीव सरांना फाइल त्याच दिवशी हवी होती. पैसे लावणारी पार्टी सिंगापूरला परत निघाली होती. राजीव सर माणूस वाईट नव्हता. कधी आवाज चढवायचा नाही, सगळ्यांना 'जी' लावून बोलायचा, आणि त्यामुळे त्याला नाही म्हणणं फार अवघड जायचं.

उजव्या बाजूची मापं राहिलीत, असं ती कशीबशी म्हणाली.

"सिमेट्रिकल है ना, केतकी जी? तो पलट दीजिए."

ह्यात गैर असं काही नव्हतं. सगळीकडे तसंच करतात. दोन बाजू सारख्या असल्या की एक मोजायची, ट्रेसिंग पेपर उलटा घालायचा आणि दुसरी गिरवायची. केतकीने डावीकडची खोली उलटी घातली. पातळ कागदातून खाली रेघा दिसत होत्या, पेन आपोआप चाललं. आठ मिनिटं लागली. सवयीने तिने खुंट्या, डाग, वाकलेला गजसुद्धा गिरवून टाकला. शेवटी एक रकाना उरला: वापर. त्यात दोनच पर्याय छापलेले होते, राहता किंवा रिकामा. 'माहीत नाही' असा पर्याय कुणी ठेवलेला नव्हता. तिने क्षणभर पेन वर धरलं. मग नेगीजी सांगत होते ते आठवलं. चौकीदाराहून जास्त कुणाला माहीत असणार?

रिकामा.

घरी जाताना चार्टर्ड बसमध्ये तिला खिडकीजवळची जागा मिळाली. पुलावर वारा लागला. तिथे पहिल्यांदा मनात आलं, कुलूप होतं का?

४

पाचव्या दिवशी कमानींची नक्षी पुन्हा बघायची आहे असं सांगून ती एकटीच काश्मिरी गेटला गेली. सकाळचे अकरा. दुकानं उघडत होती. ती सरळ वर चढली. दार उघडलं तर काय बोलायचं, हे तिने बसमध्ये ठरवून ठेवलं होतं. बाई, मी त्या दिवशी थांबले नाही, माझं चुकलं. तुम्ही इथे राहता असं मला लिहून द्यायचंय.

हिरवं दार उघडं होतं. कडीत कुलूप नव्हतं, आणि आत कुणी नव्हतं.

एकच लांब खोली. रिकामी. धूळ. सुटकेचा एक मोठा श्वास तिने सोडला, तो अर्धाच बाहेर आला. भिंतीला तीन खुंट्या होत्या. मधली मोडलेली.

असतील, तिने स्वतःला सांगितलं. एकाच सुताराने दोन्हीकडे ठोकल्या असतील. एकाच वेळी बांधलेल्या खोल्या. मग तिने खाली बघितलं. फरशीवर शेगडीचा डाग होता, अर्धचंद्रासारखा. डावीकडच्या खोलीत तो दाराच्या उजव्या अंगाला होता, इथे डाव्या. खिडकीचा एक गज वाकला होता. तिथे डावीकडून दुसरा, इथे उजवीकडून दुसरा. सुतार एक असेल, पण दोन घरांतल्या दोन बायका एकाच जागी शेगडी कलंडवतील का? गज एका साच्यातले असतील, पण वाकतील का एकाच हाताने?

आपण त्या दिवशी हीच खोली मोजली असेल, असंही तिला वाटून गेलं. गोंधळ झाला असेल. आपला गोंधळ होतोच. ती मुद्दाम जिना ओलांडून डावीकडच्या खोलीत गेली, बघून आली. ती खोली होती तशी होती. पुन्हा उजवीकडे आली आणि खिडकीशेजारी गेली.

तिथे भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. वरची रेघ तिच्या नेहमीच्या पद्धतीने किंचित वर चढत गेलेली, पण दुसऱ्या दिशेला. रेघेखाली अक्षरं पाठ फिरवून बसली होती. आरशातून वाचावं तसं तिने ते उजवीकडून वाचलं. गज वाकलेला.

तिने अंगठा ओला करून घासला. अंगठ्याला काळं लागलं.

त्या वेळी मशीन सुरू झालं.

जिन्याकडून नाही, खालून नाही. खोलीच्या टोकाच्या भिंतीमागून. लयीत, पायाने चालवलेलं. केतकी भिंतीकडे बघत राहिली. त्या भिंतीची जाडी चौदा इंच, हे तिच्याच कागदावर होतं. चौदा इंचांपलीकडे इमारत संपत होती. पुढे गल्लीवरची मोकळी हवा, विजेच्या तारा, कबुतरं. मशीन थोडा वेळ चाललं आणि थांबलं. मग दातांनी दोरा तोडल्यासारखा बारीकसा आवाज. आणि मग काहीच नाही, पण ते 'काहीच नाही' कुणीतरी मान वर करून ऐकत असावं तसं.

ठरवून आणलेलं वाक्य तिच्या तोंडात होतं. पण ते कुणाला ऐकवायचं? हाक मारली आणि भिंतीतून 'आले हं' आलं तर? केतकी कठड्याला धरून खाली आली. कुसळ गेलंच बोटात.

५

जिन्याखाली पत्र्याची पाटी नव्हती. नुसती काढून नेली असती तर चार खिळ्यांची भोकं राहिली असती, निदान चौकोन तरी उजळ दिसला असता. भिंतीवर सगळीकडे एकसारखी काजळी होती, वर्षानुवर्षांची.

नेगीजी म्हणाले, बोर्ड? कौन सा बोर्ड? आणि ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणाऱ्या चौकीदाराच्या चेहऱ्यावर काहीतरी हालतं. ह्यांच्या चेहऱ्यावर नुसती मदत करायची इच्छा होती.

तळमजल्यावरचे दुकानदार सरदारजी चाळीस वर्षं तिथे बसत होते. त्यांनी तिला स्टुलावर बसवलं, काहीतरी थंड मागवलं. तिसऱ्या मजल्यावर उजवीकडे कोण राहायचं असं तिने विचारलं. "वो तो शुरू से खाली है, बेटा जी," ते म्हणाले. शिवणकाम करणाऱ्या एक मराठी बाई? ते हसले. मराठी लोक बघायचे तर पहाड़गंजला जा, गणपतीत.

केतकीची नजर त्यांच्या शर्टावर होती. जुना, खूप धुतलेला शर्ट, आणि कॉलर नवीकोरी. तिच्या आजोळी असं करायचे. कॉलर झिजली की उसवायची, आतली बाजू बाहेर करायची आणि पुन्हा शिवायची. हे हल्ली कुणी करत नाही. टाके इतके बारीक होते की दिसत नव्हते.

"सरदारजी, यह कॉलर किसने पलटी?"

"यह तो..." त्यांनी मानेकडे हात नेला. "यह तो वो..." हात तिथेच राहिला. बोटं शिवणीवरून फिरत होती आणि चेहरा हळूहळू एखाद्या म्हाताऱ्या, वाट चुकलेल्या माणसासारखा होत गेला. दुकानात गिऱ्हाईक आलं, त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "घर में किसी ने किया होगा," ते शेवटी म्हणाले. मग केतकी उठल्यावर, आपल्याशीच, "पर घरवाली को गुज़रे तो नौ साल हो गए."

६

सुधन्वाला तिने सगळं सांगितलं. म्हणजे जवळजवळ सगळं. तो आंबा पिळत होता.

"म्हणजे तू रिकामी काढलीस म्हणून खोली रिकामी झाली," तो म्हणाला. "मग यार, आपल्या फ्लॅटला एक बाल्कनी काढ ना जास्तीची. दक्षिणेकडून."

ती हसली नाही म्हटल्यावर त्याने हात धुतले आणि नीट बसला. चांगला माणूस होता. त्याने एकेक मुद्दा घेतला. आवाज शेजारच्या इमारतीतला असेल. पाटी कुणी काढून भिंत पुसली असेल. अक्षरं तूच लिहिली असशील, ट्रेसिंग उलटंसुलटं करून तुझं डोकं तसं चालत होतं. आणि तरीही मनाला लागलं असेल तर चूक झाली म्हणून सांग त्या मेहराला. नोकरी गेली तर गेली. "देवूला किती वेळ एकटं सोडलं होतंस तिथे?" त्याने सहज विचारलं.

"दोन मिनिटं," केतकी म्हणाली.

धीर यायला आणखी एक आठवडा गेला. मग तिने राजीव सरांना सांगितलं, तिसऱ्या मजल्याची उजवी बाजू मी न बघता काढली होती. त्यांनी फाइल मागवली, ऑफिसातल्या एका मुलाला लगेच स्कूटरवर पाठवलं. तो तासाभरात मोजून आला. राजीव सरांनी त्याची मापं तिच्या कागदावर ठेवून बघितली. खुंट्या, डाग, गज. चौदा इंच.

"सूत का फ़र्क़ नहीं, केतकी जी. आपने जो बनाया, वही है. फिर ग़लती कहाँ है?"

चूक सिद्ध करायला कागद आणि जागा ह्यांत फरक लागतो. तो तिने ठेवलाच नव्हता. राजीव सर म्हणाले, इतकं चोख काम बघून ते तिला कायम करताहेत. आणि सोमवारपासून वरचे मजले उतरवायला घेणार, मजूर आलेत.

हे शुक्रवारी. शनिवारी देविकाच्या शाळेतून चिठ्ठी आली होती, कौतुकाची. गेले दोन आठवडे मुलगी किती शांत झाली आहे, बसमध्ये चढताना रडत नाही, आईचं नाव काढत नाही. केतकीने ती चिठ्ठी फ्रिजवर लावली. मग काढली. मग पुन्हा लावली.

७

दोन मिनिटं नव्हतीच ती.

रविवारी सकाळी सुधन्वा भाजी आणायला गेल्यावर, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, केतकीने हे निदान स्वतःशी कबूल केलं. ती खाली गेली तेव्हा ड्रायव्हर म्हणाला, पाच मिनिटं थांबतो. मग तिला वाटलं, तळमजल्याच्या कमानीचं एक माप राहिलंय, तेवढं उरकून टाकू, म्हणजे पुन्हा यायला नको. नेगीजींनी टेप धरला. एकाची तीन मापं झाली. कुणीतरी चहा आणला, तो तिने उभ्या उभ्या घेतला, आणि चांगला होता म्हणून संपवला. वीस मिनिटं तरी झाली असतील. पोखरायला काढलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, मोडक्या कठड्याच्या जिन्यात, पाच वर्षांची मुलगी. आणि त्या वीस मिनिटांत केतकीला तिची आठवण आली नव्हती. हेच खरं होतं. काळजी खात्याची प्रमुख, आणि तिला वीस मिनिटं खूप बरं वाटत होतं, लग्नाआधीच्यासारखं.

कुलूप होतं की नाही, हे देविका सांगू शकली असती. पहिल्या दिवसापासून सांगू शकली असती. केतकीने विचारलंच नव्हतं.

आता मात्र विचारायला हवं होतं. उद्या मजूर भिंतीला हात लावणार. मुलीने काही ठाम सांगितलं, कुणीतरी होतं म्हणाली, तर सकाळी जाऊन दारात उभं राहायचं, राजीव सर काही म्हणोत. नाही म्हणाली तर नाही. खरं सांगायचं तर केतकीला 'नाही' ऐकायचं होतं.

देविका बैठकीच्या खोलीत फरशीवर पालथी पडून चित्र काढत होती. पंखा चालू होता. समोरच्या बंद फ्लॅटच्या दारावरचं प्लास्टिक वाऱ्याने फडफडत होतं, तेवढाच आवाज. केतकी तिच्याजवळ मांडी घालून बसली.

"देवू, आपण गेलो होतो ना मोठ्या जिन्याच्या घरी. तिथे हिरवं दार होतं, आठवतं?"

"हो."

"त्याला कुलूप होतं का गं?"

"नाही," देविका म्हणाली. डोकं वर न करता. "आजींनी उघडलं ना."

पंख्याखाली कागदाचा कोपरा उडत होता. केतकीने त्यावर बोट ठेवलं. आवाज नेहमीसारखा ठेवायचा तिने फार प्रयत्न केला. आत काय काय होतं, ते मला काढून दाखवशील? तिला स्वतःलाच वाटलं, हे आपण आईसारखं विचारतोय की ऑफिससारखं? पण मनात आणखीही एक वेडगळ आशा होती आणि ती तिने झटकली नाही. कागदामुळे जे गेलं, ते कागदावरून परत येईल कदाचित.

देविकाने नवा कागद घेतला आणि सराईतपणे सुरुवात केली. आधी खोलीचा चौकोन. मग मशीन, चाकासकट. पलंग, त्यावर ठिपक्यांची गोधडी. खिडकीत तुळशीची कुंडी. भिंतीवर खूप लहान लहान चौकोन, ते देव. केतकी बघत होती आणि एकीकडे तिला ती खोली खरंच दिसत होती, भरलेली, नांदती, सुताच्या आणि तेलाच्या वासाची. एवढं सगळं त्या धुळीच्या, नुसत्या शेगडीच्या डागाच्या खोलीत कसं मावलं असतं? मग देविकाने पलंगाखाली हत्ती काढला, निळा. केतकीचा जीव भांड्यात पडला. खेळतेय पोर. मनाने रचतेय सगळं. उद्या कुठे जायला नको.

मशीनपाशी देविकाने एक बाई काढली, चष्मा आणि अंबाडा असलेली. तिच्या तोंडात दोरा. आणि पलंगावर, पाय खाली सोडून बसलेली, एक छोटी मुलगी. तिला दोन वेण्या काढल्या, पिवळा फ्रॉक रंगवला. डोळे काढताना जरा जास्त वेळ घेतला.

"ही कोण?" केतकीने विचारलं.

"देविका."

"म्हणजे तू आत गेली होतीस? आजींकडे बसली होतीस?" बरं, एवढंच असेल तर चालेल, तिला वाटलं. म्हाताऱ्या बाईने पोरीला आत बसवून घेतलं असेल, आणि मग बाहेर आणून उभं केलं असेल. "पण मी आले तेव्हा तू बाहेर होतीस ना दारापाशी? मग आपण घरी आलो ना दोघी?"

देविकाने खडू खाली ठेवला. आईकडे पाहिलं, शांतपणे, जशी ती दोन आठवडे सगळ्यांकडेच पाहत होती.

"मी आले," ती म्हणाली. "ती राहिली. आजी तिला जेवायला वाढतात, पण ती म्हणते, आईनेच भरवायचं."